फोटोला घातलेला हार

चीनबरोबरची लढाई संपली त्या हिवाळ्यात आमच्या यवतमाळच्या कॉलेजात विद्यार्थी मंडळाची बैठक चांगलीच तापली. गेलेल्या जवानांची आठवण कॉलेजनं कशी करायची, एवढाच विषय. कुणी म्हणे संमेलन रद्द करा, कुणी म्हणे फाटकाशी दगड उभारा. नाटकवाले म्हणाले, आमच्या तालमी झाल्या, त्यांचं काय? मी मंडळात होतो तो वर्गातून दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून. तोवर एकाही बैठकीत मी तोंड उघडलं नव्हतं.

त्या दिवशी उघडलं. म्हणालो, माझ्या खोलीतल्या मुलाचा भाऊ फौजेत होता. सगळे माझ्याकडे वळले. त्याचा फोटो मांडू, आधी श्रद्धांजली, मग संमेलन, असा तोडगा लगेच निघाला. बैठक सुटल्यावर अध्यक्ष खांद्यावर हात टाकून मला चहाला घेऊन गेला. होस्टेलात दुसरं वर्ष होतं माझं. असं कुणी कधी नेलं नव्हतं.

खोलीतला मुलगा बाभुळगावकडच्या एका तांड्यावरचा. भाऊ बेपत्ता आहे, एवढंच घरी कळवलेलं. त्यानं ट्रंकेतून फोटो काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला.

"ने," म्हणाला. "पण हार नोको घालू देऊ. वहिनीच्या हातात चुडा हाये अजून."

पुढच्या बैठकीत अध्यक्षानं विचारलं, "गेलाच ना रे तो?"

बेपत्ता म्हटलं असतं तर फोटो परत आला असता, आणि माझा चहाही संपला असता. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं. पुढं कुणी विचारलं नाही. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

संमेलनाच्या दिवशी खोलीतला मुलगा म्हाताऱ्या बापाला एसटीनं घेऊन आला. पोराचा मान होणार म्हणून म्हाताऱ्यानं नवं पागोटं बांधलं होतं. दारातूनच त्याला झेंडूचा हार दिसला. फोटोजवळ मी उभा होतो, म्हणून तो माझ्याकडेच आला.

"बाबू, तुमाले खबर आली काय?"

"नाही," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं हार काढून टेबलावर ठेवला, फोटो धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि निघाला. पोरगा त्याच्या मागं. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. अध्यक्षानं तरी दोन मिनिटांची शांतता पुकारलीच. आम्ही सगळे त्या हारासमोर उभे राहिलो.

त्या मुलानं खोली बदलली. परीक्षेपर्यंत समोरची खाट उघडीच होती. चहाला पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो.

त्याचा भाऊ परत आला का, मला ठाऊक नाही. नोकरीत बाभुळगावच्या गाडीनं पुष्कळदा गेलो. तांड्याच्या फाट्यावर ती थांबते. मी उतरलो नाही.