मुलाखतीतलं ‘हाय’

मुलाखत कशी द्यावी हे मी कोणालाही शिकवतो. विचारलं नाही तरी शिकवतो. त्यामुळे माझ्या मेव्हण्याला तळोज्याच्या एका कंपनीत गोदाम सुपरवायझरच्या जागेसाठी व्हिडिओवर मुलाखत द्यायची आहे म्हटल्यावर मी त्याला करावे गावातून उचलून आमच्याच हॉलमध्ये आणून बसवलं. नोकरी नाही मिळाली तर सासरे त्याला रेती-सिमेंटच्या दुकानात बसवणार होते. दुकानाचं नाव काढलं तरी त्याला शिंका यायच्या. सासरे टेम्पोची किल्ली फिरवत सोफ्यावर तयारच होते.

“ताठ बस, डोळ्यांत बघ, थोडक्यात बोल,” मी बजावलं.

“टेन्शन नका देऊ, भावजी.”

स्क्रीनवर एक मॅडम आल्या, बाजूला दोन साहेब.

“गोदामाचा अनुभव आहे का?”

“हाय.”

“हाय!” मॅडम हसून म्हणाल्या. “अनुभव आहे का?”

“हाय ना!”

“हो हो, हाय. फोर्कलिफ्टचं लायसन आहे?”

“हाय, मॅडम.”

माझ्या सासरी ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात, हे शिकवायचं नेमकं राहून गेलं होतं! मी लॅपटॉपमागे उभा राहून पंजा हलवला, म्हणजे ‘नको, नको’. त्याला वाटलं, मी हात हलवायला सांगतोय. त्याने ‘हाय’ म्हणत जोरात हात हलवला. मॅडमनी हलवला. मग दोन्ही साहेबांनीही हलवला. गाडी सुटताना फलाटावर असतं तसं दृश्य.

बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर ओढलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिपस्टिकने ‘आहे म्हण’ लिहिलं आणि ते डोक्यावर धरून ती माझ्या शेजारी उभी राहिली. मेव्हण्याने वाचलं. छाती फुगवली.

“शिफ्ट ड्यूटीला काही अडचण आहे का?”

“आहे!”

असा स्वच्छ उच्चार त्या घराण्यात कोणी केला नसेल. बायकोने कॅलेंडरनेच तोंड झाकलं.

“काय अडचण?” मॅडमचा चेहरा उतरला.

बिचारा शिकवलेलं सगळं विसरला. “अडचन काय नाय वो! रात्री बोलवा, पहाटे बोलवा. फोर्कलिफ्ट येते, लायसन हाय, मानसं सांभालता येतात. फक्त तुमी नाय घेतला तर बाबा मला रेतीत बसवतील.”

आधी एक साहेब हसले, मग दुसरे. मॅडमनी माईक बंद केला. तिकडे डोकी एकत्र आली. इकडे सासऱ्यांनी किल्ली फिरवायची थांबवली.

माईक सुरू झाला. “सोमवारी या. लायसन घेऊन.”

मेव्हणा खुर्चीसकट मागे कलंडला. त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी सासऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर तोंड घातलं.

“मॅडम, बांधकाम चालू हाय का तुमच्याकडं? रेती आपली एक नंबर हाय. पाठवू?”

“काका, आधी मुलगा पाठवा.”

“मंग एकाच टेम्पोत दोन्ही पाठवतो,” सासरे म्हणाले, आणि मेव्हण्याला जमिनीवर पडल्या पडल्याच शिंक आली.