वंदनाच्या वाट्याच्या शाळा

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. वंदनाची बहीण म्हणाली, "दादा, ताई गेली... सकाळी हार्ट अटॅक." त्याला महिना झाला, तरी मला एका जागी बसवत नाही.

डी.एड.पासूनची आमची मैत्री. पुढे मी शिक्षण खात्यात टेबलावरच्या कामाला गेलो, ती शाळा तपासणारी निरीक्षक झाली. कांदिवलीतल्या बारा शाळा तिच्याकडे. कुठल्या वर्गातला पंखा बंद आहे, कुठली मुलगी आठवडाभर आलेली नाही, सगळं तोंडपाठ. मग निरीक्षक कमी पडले म्हणून दोन विभागांचा एक झाला. मालाडच्या शाळाही तिच्या गळ्यात आल्या, आणि टेकडीवरची छोटी शाळा खालच्या मोठ्या शाळेत विलीन करायचं ठरलं. शाळांमधल्या अंतरांचा तक्ता मीच केला होता. अंतर नियमात बसत होतं.

ती तक्ता घेऊनच आली. "हे अंतर कशावरून काढलंस रे?"

"नकाशावरून."

"चल मग, चालून बघू."

पहिलीतली एक मुलगी आणि तिची आई यांच्याबरोबर आम्ही टेकडी उतरलो. पायऱ्या, नाला, मग हायवे... मुलगी दोनदा खाली बसली. वंदना म्हणाली, "आता लिही हे." मी म्हणालो, "वरून आलंय गं, माझ्या हातात काय आहे?" अहवाल तिनेच लिहिला, पालकांच्या सह्या घेतल्या, महिनोन्‌महिने हेलपाटे घातले. शाळा वाचली. विभाग मात्र दुप्पटच राहिला.

नंतर भेटायची ती दमलेली. "आधी मी शाळेत जायचे यार, आता नुसती व्हॉट्सॲपवर माहिती मागवते." मालाडची एक मुलगी शाळेत येईनाशी झाली, ते तिला फार उशिरा कळलं. तोवर ते कुटुंब खोली सोडून कुठेतरी निघून गेलं होतं. हे सांगताना ती माझ्यासमोर रडली. मी चहा मागवला... तेवढंच केलं.

आता तिच्या सगळ्या शाळा शेजारच्या निरीक्षकाला जोडायची फाईल माझ्याच टेबलावर आली. काल त्या फाईलवर मी 'सहमत नाही, विभाग पुन्हा दोन करावेत' असं लिहिलं. फाईल वर गेलीय. काय होईल माहीत नाही.

संध्याकाळी ऑफिसातल्या तिच्या खोलीत गेलो. भिंतीवर तिच्या अक्षरातली शाळांची यादी. कांदिवलीच्या प्रत्येक शाळेपुढे पोरांची नावं, बारीक अक्षरात दाटीवाटीने लिहिलेली. मालाडच्या शाळांपुढची जागा कोरी. शिपाई म्हणाला, "साहेब, काढू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "नवीन येईल त्याला दिसली पाहिजे."