पहिल्या पानावरची चूक

"लिहून घ्या. आजपुरतं खरं," असे म्हणून मास्तर हातातला खडू खाली ठेवत. नाशिकच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत. अणू फुटत नाही, असे जुन्या पुस्तकात होते. तो फुटल्याची बातमी आली तेव्हा मास्तरांनी फळ्यावरचे जुने वाक्य पुसले नाही. त्याच्याखाली नवे लिहिले. आधी काय वाटत होते, तेही मुलांना दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

रविवारी ते सायकलवरून गावाबाहेरच्या द्राक्षबागांत जात. द्राक्षांवर तेव्हा भुरी पडे. पाने आणि मणी पांढऱ्या बुरशीने माखत, मणी तडकत. मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी फवारा, असा मास्तरांचा सल्ला होता. आमच्या साप्ताहिकाने तो पहिल्या पानावर छापला. मी तिथे बातमीदार होतो. मजकूर मीच लिहून घेतला होता.

इब्राहिमचाचा बागवानांनी तो अक्षरशः पाळला. तरी लागोपाठ दोन हंगाम त्यांची बाग पांढरी पडली.

"पाणी पातळ झालं असणार, चाचा," मास्तर म्हणाले.

"पातळ? हे हात बघा, कोपरापर्यंत निळे. बायको म्हणते, बागवान होता, रंगारी कधी झाला? यंदापण गेली ना मास्तर, तर वेली उपटून पेरू लावतो. मग सांगा पेरूला तुमचं शास्त्र."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी ते हात बराच वेळ पाहिले. परतताना मला म्हणाले, "मी त्यांच्या कामावर संशय घेतला. आधी माझ्या सल्ल्यावर घ्यायला हवा होता."

दुसरीकडच्या बागांत गंधकाने भुरी थांबते, असे त्यांच्या वाचनात आले होते. वाचलेले त्यांना पुरत नसे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्यांनी चाचांकडून तीन ओळी मागून घेतल्या. एकीवर निळे पाणी, दुसरीवर पातळ फडक्यातून झाडलेली गंधकाची पूड, तिसरीवर काहीच नाही. उरलेल्या बागेला नेहमीचे निळे पाणी.

"हिला उपाशी का? हिनं काय पाप केलं?" चाचांनी तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवले.

"औषधानं गुण आला की आपोआप, ते हिच्याशिवाय कळायचं नाही."

"मग हिची खराब द्राक्षं तुम्हीच खायची."

"कबूल."

मणी मिरीएवढे झाले तेव्हा उत्तर मिळाले. उपाशी ओळ पांढरी होती. निळ्या पाण्याची ओळ तिच्याहून थोडीच बरी. गंधकाच्या ओळीत मास्तरांनी भिंग घेऊन घड न् घड पाहिला. एकाही मण्यावर भुरी नव्हती. पुढच्या रविवारची वाट न पाहता त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि चाचांबरोबर उरलेल्या बागेवर पूड झाडली. दोघेही पिवळे झाले.

"मास्तर, आता दोघांचीही हळद झाली," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्या कचेरीत आले. "माझा सल्ला चुकला होता, असं छापा."

संपादक म्हणाले, "अहो, आतल्या पानावर चार ओळी देऊ. उगाच हसं कशाला?"

"सल्ला पहिल्या पानावर होता. लोकांनी तिथेच वाचला."

चुकीची कबुली पहिल्या पानावर छापली गेली. हसे झाले नाही. रविवारी बागांतून मास्तरांना हाका येऊ लागल्या. "मास्तर, आणखी काय काय चुकलंय, तेही सांगून टाका!" गंधक घ्यायला दुकानापुढे रांग लागली. फाल्गुनात चाचांच्या बागेतून भरलेल्या पाट्यांच्या बैलगाड्या नाशिक रोड स्टेशनकडे निघाल्या. पेरूचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच उन्हाळ्यात मास्तरांची दूरच्या शाळेत बदली झाली. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

पुढच्या वर्षी बागाईतदारांची सभा भरली. कधी चार माणसांत न बोललेले इब्राहिमचाचा उभे राहिले आणि तीन ओळींचा प्रयोग त्यांनी पायरीपायरीने समजावून सांगितला. व्यासपीठावरच्या साहेबांनी कौतुकाने विचारले, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

चाचा ताठ झाले.

"आमचे मास्तर चुकले होते ना साहेब, त्यांनी."

सभेने टाळ्या वाजवल्या. बातमीदाराने वाजवायच्या नसतात. मी वाजवल्या.