गणपतची रायफल

पोस्टिंग काश्मीरमधल्या एका डोंगराळ गावाजवळ होतं. मी सेक्शन कमांडर, म्हणून माझ्याकडे कार्बाईन. लान्स नायक गणपत इंगळे अनसिंगचा, त्याच्याकडे रायफल. अख्ख्या कंपनीत वाशीम जिल्ह्याचे आम्ही दोघंच.

गावाकडे लोकांना दोन्ही सारख्याच वाटतात. कार्बाईन आखूड, हलकी. दारातून, जिन्यावरून सहज वळते. पण नळी लहान, गोळी पिस्तुलाची. शे-दीडशे पावलांपलीकडे तिचा भरवसा नाही. रायफल लांब आणि जड. चौकटीला अडकते, पण समोरच्या डोंगरापर्यंत मारते. शिवाय तिचा झिरो, म्हणजे नेमाची जुळणी, ज्याच्या त्याच्या डोळ्यानुसार केलेली असते. म्हणून हत्यारं बदलायची नाहीत, असा शिरस्ता.

त्या सकाळी घरांची झडती होती. आत गणपत जाणार होता. मी माझी कार्बाईन त्याला दिली, त्याची रायफल घेतली. झडतीत काही सापडलं नाही. आम्ही नाल्याने परत निघालो.

"दादा, माही रायफल द्या ना. ह्या खेळण्यानं मले करमत नाही."

"पोस्टवर गेल्यावर घे."

उघड्या नाल्यात मला रायफल जवळ हवी होती. दुसरं कारण नव्हतं.

फायर समोरच्या उतारावरून आला. आमचा एक जवान पायाला गोळी लागून उघड्यावर पडला. माझ्या गोळ्या डावीकडे जात होत्या. गणपतच्या अर्ध्यातच पडत होत्या.

"गोळी पोचून नाही राह्यली, दादा. पुढं जातो."

"थांब."

तो थांबला नाही. पुढच्या मोठ्या दगडापर्यंत गेला आणि तिथून फायर करत राहिला. तेवढ्यात जखमीला आम्ही ओढून आणलं. गणपत दगडाजवळच राहिला.

रेडिओवर मी म्हणालो, "एक जखमी, एक शहीद. हुकूम मोडून पुढे गेला. ओव्हर." हत्यारांबद्दल बोललो नाही. चौकशीतही नाही.

त्याला बरीच वर्षं झाली. आता मी निवृत्त आहे आणि बायको गेल्यापासून माझ्या गावी, मेडशीच्या घरात एकटा असतो. दिवसभर कोणी हाक मारत नाही. परवा एसटीने अनसिंगला गेलो आणि गणपतच्या बायकोला, सुमनवहिनींना, सगळं सांगितलं. त्या तूर निवडत होत्या.

"लोकं म्हनत, येड्यावानी धावला. म्या बी तसंच समजलं," त्या म्हणाल्या. "मले एकटीले कायले सांगता? चार लोकाइले सांगा."

म्हणून हे लिहिलं. लान्स नायक गणपत इंगळे, अनसिंग. तो वेड्यासारखा धावला नाही. त्याची रायफल माझ्या हातात होती, म्हणून त्याला जवळ जावं लागलं.