कावळ्याचा दुसरा घास
शहागंजात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून तापलेल्या धुळीचा वास आला, की मला नौदलातली ती बिनखिडकीची खोली आठवते. शत्रूच्या हेर जहाजावरून जाणारे बिनतारी संदेश मी तिथं वर्षभर ऐकले. टिकटिक करून ते पाठवणाऱ्याचा हात इतका ओळखीचा झाला, की त्याची झोप झाली नसली तरी कळायचं. जहाज पकडलं तेव्हा सगळे नाचले. माझ्या कानात नुसती खरखर उरली. सुट्टीत वैजापूरला गेलो. भाकरी थापताना आई म्हणाली, “तिकडं कुनी जिवाभावाचं हाय का रं?” “व्हता एक. आता आवाज येत नाय त्याचा.” जास्त सांगायची बंदी होती. तिला वाटलं, मेला. तिनं त्याच्या नावानं कावळ्याला घास ठेवला. कैदेतल्या जित्या माणसासाठी! आता आईचा घास मी ठेवतो, शेजारी त्याचाही. तो आहे की गेला, कुणाला विचारू? नावसुद्धा ठाऊक नाही.