दादाने न दिलेली चावी

वहिनीचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एका गाडीचं बोनेट उघडं होतं. रमेशदादा, माझा थोरला भाऊ, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही… मी गाडीवाल्याला गाडी उद्या न्या म्हटलं, हात पुसले आणि शटर ओढलं. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारा जो तो एकच विचारत होता, मग सोमाटण्याचं गॅरेज बंदच करणार ना? कुणी जागेला भाडेकरू सुचवला, कुणी बाईमाणसाला एकटीला झेपायचं नाही म्हणून हळहळलं. मी डिप्लोमा केलेली, दादाच्या बरोबरीने इतकी वर्षं इंजिनं उघडलेली, पण लोकांच्या लेखी मी दादाची बहीण, आल्यागेल्याला चहा सांगणारी. मला राग यायचा, आणि रागाच्या तळाशी भीतीही होती. गॅरेज मला हवं होतं. माझ्या शब्दावर लोक गाडी सोडतील का, हे मात्र ठाऊक नव्हतं.

दादा नम्र वगैरे अजिबात नव्हता. गेलेल्या माणसाला आपण उगाच देवपण देतो, म्हणून आधीच सांगून टाकते. आवाज मोठा, वादाला कायम तयार, आणि स्वतःच्या कानावर स्वारी भलतीच खूश. मी इंजिनाचे दोष वाचणारा स्कॅनर लावायची, तो कान देऊन इंजिनावर वाकायचा, आणि आमचं जुंपायचं. कधी तो बरोबर निघायचा, कधी मी. हरला की जेवण होईपर्यंत बोलायचा नाही. एका बाबतीत मात्र आमचं दोघांचं एकमत होतं, दोष सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. ‘उभी गाडी मिसिंग करते’, म्हणजे थांबल्यावर इंजिन अडखळतं, अशी तक्रार आली की हल्ली सरसकट प्लग बदल, कॉइल बदल, इंजेक्टर साफ कर, असा सपाटा लावतात. दादा म्हणायचा, रोग रेड्याला नि औषध पखालीला.

कुरवंड्याचे किसनभाऊ लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतात. त्यांची गाडी असंच सगळं औषधपाणी करून आमच्याकडे आली होती. पळताना एकदम झकास, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. मी स्कॅनर लावला. एखाद्याच सिलिंडरचा दोष असता तर तो तिथेच पकडला असता, पण इथे सगळेच थोडेथोडे अडखळत होते. कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय, असं मी म्हटलं. एरवी वाद घालणारा दादा त्या दिवशी नुसता ‘हं’ म्हणाला आणि मला आत बसून ब्रेक दाबायला सांगितलं. पाय ठेवला तशी पायाशी फुस्स अशी हवा वाजली आणि इंजिन आणखी डगमगलं. मग त्याने ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप पकडीने चिमटला, आणि इंजिन शांत झालं… बूस्टर म्हणजे आपल्या पायाचा जोर वाढवणारा डबा. त्याचा आतला रबरी पडदा फाटला होता. चालत्या गाडीत तेवढी हवा खपून जायची, उभ्या गाडीत इंजिनाला सोसायची नाही. थरथर तशी किरकोळ होती. पण घाट उतरताना ब्रेक कधीही दगडासारखा घट्ट झाला असता, ते किरकोळ नव्हतं.

नवा बूस्टर यायला वेळ होता, आणि किसनभाऊंना दुसऱ्या दिवशी सकाळी खंडाळ्याच्या एका बंगल्यातली मंडळी खोपोलीला उतरवायची होती. ब्रेक लागतोय की, जरा जोरानं दाबीन, असं म्हणत त्यांनी चावी मागितली. दादाने ती खिशात टाकली.

“भाऊ, गाडी माझी हाय,” किसनभाऊ म्हणाले.

“गाडी तुझीच हाय. पन आत मानसं बसनार, ती तुझी न्हाईत.”

मग जे व्हायचं ते झालं. किसनभाऊंनी आवाज चढवला, पुन्हा हितं पाय ठेवणार न्हाई म्हणून ऐकवलं, आजूबाजूचे दुकानदार जमा झाले. दादा उठला, मागे गेला आणि स्वतःची गाडी काढून आणली. ही गाडी तो मलासुद्धा चालवायला देत नसे. मी मागितली की क्लचवर पाय ठेवून चालवतेस म्हणून हाकलायचा. ती त्याने समोरच्या शिव्या ऐकत किसनभाऊंच्या हवाली केली. मला त्याचा हेवा वाटला. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची ती धमक माझ्यात येईल का, असं वाटून गेलं.

गेल्या आठवड्यात किसनभाऊ भेटायला आले. बोलणं झालं, डोळे पुसून झाले, आणि मग म्हणाले की गाडी पुन्हा उभ्या-उभ्या अडखळायला लागलीय नि दुपारी घाट उतरायचाय. इतके दिवस प्रत्येक गिऱ्हाईक मला विचारत होतं, दादा असते तर काय म्हणाले असते? तो प्रश्न मला नकोसा झाला होता. तो यायच्या आत मी कामाला लागले. ब्रेक आधी बघितला, तेव्हा बसवलेला नवा बूस्टर चोख होता. स्कॅनरने तिसरा सिलिंडर दाखवला. तिसऱ्याची, प्लगला वीज देणारी कॉइल पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर. अडखळणं कॉइलबरोबर पहिल्याकडे गेलं. म्हणजे दोष कॉइलचाच, दुसऱ्या कशाचा नाही. नवी बसवली, गाडी चालू केली, कान देऊन ऐकली.

किसनभाऊ दार उघडून उभे होते, पण आत बसत नव्हते.

“ताई, तुमी काय म्हंता? निऊ का?”

दादाचं नाव त्यांनी काढलं नाही.

“न्या,” मी म्हटलं.

दादा बोनेट कधी आपटायचा नाही. अलगद टेकवून दोन्ही तळव्यांनी दाबायचा, आणि इंजिन चालू असलं की हात तसेच ठेवून उभा राहायचा. गाडीला आशीर्वाद देतोस का, म्हणून मी कितीदा त्याला चिडवलं असेल… त्या दुपारी बोनेट मी दाबलं, आणि माझे हात आपसूक तिथेच राहिले. किसनभाऊ आत बसून माझे हात निघायची वाट बघत होते.