हातातली पंधरा मिनिटं

क्रांती कुठे वेळेवर पोहोचली, असं सांगणारा माणूस जर्मनीतल्या अख्ख्या गेर्लिंगेन गावात शोधून सापडला नसता. ऑफिसात ती ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायची, आणि तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागाची चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे. पण घराबाहेर पडायचं म्हटलं, की तिथेच घोडं पेंड खायचं.

याचं मूळ नागपुरात होतं. मुलं शाळेत वेळेवर पोहोचावीत म्हणून तिच्या वडिलांनी भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावून ठेवलं होतं. हे घरात सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे सगळे मनातल्या मनात पंधरा वजा करायचे आणि निवांत बसायचे. क्रांतीने जर्मनीत संसार थाटला तेव्हा मसाल्याच्या डब्याबरोबर ही रीतही आणली. नवरा उज्ज्वल झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात इंजिनियर. त्याने सुरुवातीला वाद घातला, मग मुकाट्याने तोही वजाबाकी शिकला.

त्यांची प्रिया दहा वर्षांची, शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारी. डिसेंबरच्या कार्यक्रमाला क्रांती पोहोचली तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते. प्रिया रडली नाही की रुसली नाही. परतताना गाडीच्या खिडकीबाहेर बघत ती एवढंच म्हणाली, "डू कोम्स्ट इमर त्सू श्पेट." तू नेहमी उशिराच येतेस. ते रागाने म्हटलं असतं तर क्रांतीला बरं वाटलं असतं.

आता वसंतातल्या कार्यक्रमात प्रिया पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती, तीही सगळ्यात आधी. शनिवारी चार वाजता, असं तिने आईला बजावून सांगितलं. या वेळी चुकायचं नाही, असा क्रांतीने पण केला आणि थेट एक फुंकऊर मागवलं. रेडिओच्या लहरींवरून वेळ घेणारं आणि स्वतःचं स्वतः बरोबर राहणारं घड्याळ. फ्रँकफर्टजवळच्या एका मनोऱ्यावरून अख्ख्या देशाला वेळ मिळते, हे वाचून ती इतकी हरखली, की डबा उघडताना कात्री शोधायचाही तिला धीर निघेना.

शुक्रवारी संध्याकाळी सेल घातला. काटे गरागरा फिरले, बारावर येऊन थांबले आणि थांबलेलेच राहिले. उज्ज्वल म्हणाला, फ्रिजजवळ सिग्नल येत नसेल. मग वरात निघाली. मधे छातीशी घड्याळ धरलेली क्रांती, मागे सूचनांचा कागद वाचणारा उज्ज्वल आणि सर्वांत पुढे दिशा दाखवणारी प्रिया. दिवाणखान्यात काही नाही, बाल्कनीतही काही नाही. शेवटी प्रियाच्या खोलीतल्या उत्तरेकडच्या खिडकीत घड्याळ ठेवलं आणि तिघं श्वास रोखून बसले. बराच वेळ गेला. मग एकदम काटे धावत सुटले आणि अचूक वेळेवर जाऊन थबकले. प्रियाने टाळ्या पिटल्या. एवढ्या लांबचा मनोरा आपल्या घरातल्या काट्याला हलवतो, याचं क्रांतीला इतकं अप्रूप वाटलं की तिने घड्याळाचा पापाच घेतला.

इथवर सगळं छान होतं. पण ते स्वयंपाकघरात टांगताना तिचे हात शिवशिवले. मागचं बटण दाबून धरून तिने घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं, तेव्हा कुठे तिला शांत झोप लागली. रात्रीत त्या घड्याळाने पुन्हा मनोऱ्याला विचारलं आणि आपली चूक निमूटपणे सुधारून घेतली. हे बाईसाहेबांच्या गावीही नव्हतं.

शनिवारी दुपारी उज्ज्वल तालमीसाठी प्रियाला घेऊन पुढे गेला. कार्यक्रमानंतरच्या खाण्यासाठी पालकांनी एकेक पदार्थ आणायचा होता, म्हणून क्रांती मागे राहून बटाटेवडे तळत होती. मोबाइल आत चार्जिंगला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, पंधरा वजा केले, अजून वेळ हातात आहे म्हणाली आणि आणखी एक घाणा कढईत सोडला. तो उतरवत असतानाच कोपऱ्यावरच्या चर्चची घंटा वाजू लागली. चार टोल पडले. क्रांतीने वर पाहिलं. घड्याळातही बरोबर चार वाजले होते, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

गॅस नव्हताच, शेगडी विजेची होती. ती बंद केल्याची खात्री तिने जिन्यातून परत येऊन केली, हेच नवल. मग वड्यांचा डबा पोटाशी धरून ती धावत सुटली. अंगावर पिठाचे डाग, पायांत घरातल्या चपला. समोरून येणाऱ्या शेजारीणबाईंनी हात वर केला, पण त्यांना हॅलो म्हणायलाही ती थांबली नाही. संपलं, पोरीचं वाजवून झालं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

हॉलचं दार ढकललं तर आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. उज्ज्वल स्वरलिपीचे कागद ठेवायची स्टँडं मांडत होता. झालं का, एवढंच तिने धापा टाकत विचारलं. प्रिया व्हायोलिन घेऊन पुढे आली. आईशी एरवी जर्मनच बोलणारी पोर या वेळी मराठीत म्हणाली, "मम्मी, साडेचारला आहे. मी तुला चार सांगितलं होतं."

क्रांती आधी मोठ्याने हसली. वडिलांचं घड्याळ नातीपर्यंत पोहोचलं होतं. मग ते कुणासाठी पुढे लावलं होतं हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला हसू आवरावं लागलं. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. साडेचारला प्रियाने गज तारांवर ठेवला, आणि लेकीचा पहिला सूर कसा लागतो हे क्रांतीने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. टाळ्या वाजवून तिचे तळवे लाल झाले.

त्या घड्याळाच्या बटणाला तिने पुन्हा बोट लावलं नाही. जूनमध्ये एके सकाळी शाळेत निघताना प्रिया म्हणाली, पुढचा कार्यक्रम शुक्रवारी पाच वाजता आहे. दारापर्यंत गेली, वळली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे व आईकडे आळीपाळीने बघत राहिली.

"सहाला आहे, मम्मी," ती म्हणाली. "खरंच सहाला."